नदी डाव्या हाताला

कृष्णेच्या काठाकाठानं सायकलवरून जायचं, हे नकाशावर बोट ठेवून ठरवायला फार सोपं. महाबळेश्वरच्या डोंगरातून सुटलेली निळी रेघ वाईत उतरते, साताऱ्याला वळसा घालून कराडला जाते, तिथून पूर्वेकडं कलत सांगली, नरसोबाची वाडी आणि मग कर्नाटक. महाराष्ट्रातला तिचा मुक्काम तीनशे किलोमीटरच्या आतबाहेरचा. वाई सोडली की मोठा घाट नाही, थोड्या थोड्या अंतरावर चहाची टपरी आणि उतार नावापुरता का होईना पण आपल्या बाजूनं. अडचण एवढीच की काठानं जाणारा रस्ता नाही.

रस्ते आहेत, पण ते नदीला अर्धा कोस, कुठं कोसभर लांब ठेवून जातात. मधे ऊस. ऊस नसेल तिथं बाभळी, घाणेरी, वीटभट्ट्या, मळीची रानं. कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं: "नदी डाव्या हाताला ठिवा आन् सरळ जावा." दिवसभर ती डाव्या हाताला असते आणि दिवसभर दिसत नाही. गार वाऱ्याची एखादी झुळूक, लांबवर झाडांची दाट रांग, बगळ्यांचा एक थवा सगळा एकाच दिशेला उतरताना, एवढ्यावर भागवायचं. मग एखाद्या फाट्यावर 'घाटाकडे' अशी पाटी दिसली की सायकल वळवायची, दीड-दोन किलोमीटर उसाच्या बोळातून जायचं, आणि एकदम उतार लागून चाकं दगडी फरसावर येतात.

पहिल्यांदा याचा राग येतो. कोकणात रस्ता समुद्राला धरून जातो, हिमालयात तर नदीशिवाय रस्त्याला दुसरी वाटच नसते. मग आमच्याच खोऱ्यानं आमच्यापासून नदी का लपवावी? पण चार गावं मागं पडली की उलगडा होतो. काठ नदीचा असतो आणि पावसाळ्यात ती तो परत मागते. म्हणून गावठाण, शाळा, रेल्वे, डांबरी सडक, सगळं मागं सरकून बसलेलं. ज्याला नदीपाशी गेल्याशिवाय गत्यंतर नव्हतं त्यानंच तिच्याशी बोलणी करून तिथं काहीतरी उभं केलं. देवानं, धुण्यानं, मढ्यानं आणि एखाद्या सरदारानं. या खोऱ्यात जुनं म्हणून जे बघण्यासारखं आहे, ते बहुतेक सगळं अशा बोलणीच्या जागी आहे. मोटारीनं जाणाऱ्याला ती 'ठिकाणं' वाटतात. पायडल मारत जाणाऱ्याला आधी मांडीत चढ-उतार कळतो, मग ती जागा का निवडली ते कळतं.

वाईचं घ्या. ढोल्या गणपतीच्या देवळात लोक पुढून जातात, मूर्ती बघतात, आणि ती एवढी अवाढव्य आहे की दुसरं काही बघायचं सुचत नाही. मला देवळाची पाठ जास्त आवडते. गणपतराव भिकाजी रास्त्यांनी १७६२ मध्ये हे देऊळ बांधलं ते थेट पात्राला खेटून. मागची भिंत सपाट नाही. ती माशासारखी निमुळती होत गेली आहे, म्हणजे पुराचा लोंढा आला की त्या टोकावर फुटावा आणि दोन्ही अंगांनी निघून जावा. भिंतीवरून हात फिरवला तर खालच्या थरांच्या सांध्यात वाळलेला गाळ लागतो. वरच्या थरांत तो नाही. अडीचशेच्या वर पावसाळे या भिंतीनं असे दुभंगून सोडून दिले. बांधणाऱ्यानं पुराला अडवायचा आव आणला नाही, वाट करून दिली. हल्ली नदीसुधार म्हणून दोन्ही बाजूंनी सिमेंटच्या सरळसोट भिंती उभ्या करणाऱ्यांना एकदा या देवळाच्या मागं उभं करायला हवं. पुढं गणपतीला हात जोडले नाहीत तरी चालेल.

वाईचे घाट हा स्वतंत्र विषय आहे. आळी-आळीचा घाट वेगळा, आळी-आळीचा कृष्णाबाईचा उत्सव वेगळा, आणि कुणाचा उत्सव अधिक थाटाचा याची चुरस पिढ्यान्‌पिढ्यांची. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी याच गावात राहिले आणि मराठी विश्वकोशाचं काम याच गावातून चाललं. एवढा मोठा कोश मुंबई-पुणे सोडून वाईत का, असा प्रश्न काहींना पडतो. गंगापुरीच्या घाटावर संध्याकाळी तासभर बसलं की पडत नाही.

तिथून मेणवली तीनेक किलोमीटर. नाना फडणविसांचा वाडा, त्यातली भित्तिचित्रं, वाड्यामागं अर्धचंद्रासारखा उतरत गेलेला घाट. चित्रपटांनी हा घाट घराघरांत पोचवलाय, त्यामुळं सुट्टीच्या दिवशी लग्न ठरलेली जोडपी झिरझिरीत पदर वाऱ्यावर सोडून फोटो काढून घेत असतात आणि फोटोवाला सायकलवाल्याला "जरा बाजूला व्हा ना दादा" म्हणतो. व्हावं. कारण आपल्याला बघायची ती घंटा कोपऱ्यात आहे आणि तिच्याकडं फारसं कुणी वळत नाही. ओतीव धातूची, पोर्तुगीज बनावटीची घंटा. अंगावर १७०७ हा आकडा आणि बाळ येशूला घेतलेली मेरी. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली, तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि ठिकठिकाणच्या देवळांत बांधल्या. त्यातली ही एक. शिवालयाच्या घंटेवर मेरी आहे याचं मेणवलीत कुणाला काही वाटत नाही. भाविक येतो, टोल देतो, पुढं जातो. मीही दिला. नाद पाण्यावरून पलीकडं गेला आणि तिकडं धुणं धुणाऱ्या बाईनं मान वर करून कोण टवाळ आहे ते पाहिलं.

धोमला गेल्यावर मात्र चमत्कारच. तिथल्या महादेवाचा नंदी जमिनीवर बसलेला नाही. कमळाच्या आकाराच्या दगडी कुंडात एक मोठं कासव आहे आणि त्या कासवाच्या पाठीवर नंदीचा मंडप. कुंडात पाणी भरलं की कासव तरंगायला लागल्याचा भास होतो. गावाच्या डोक्यावर धोमचं धरण. भिंतीवरच्या चढाला सायकलवरून उतरून ढकलत न्यावं लागलं तरी लाजू नये, कारण वर गेल्यावर जे दिसतं ते या सबंध वाटेत पुन्हा दिसत नाही: रस्ता आणि पाणी शेजारी शेजारी. एका बाजूला पाचगणीचं पठार, समोर कमळगड, आणि जलाशयाला धरून वळणं घेत जाणारी सडक. कृष्णेच्या काठानं सायकल चालवण्याची जी हौस असते ती खरी पुरते ती इथं, आणि तेही नदी थांबवलेली आहे म्हणून. धरणाची पातळी माणूस ठरवतो, तेव्हा रस्ता निर्धास्त काठाला जाऊन बसतो. मोकळ्या नदीशेजारी तो तसा बसत नाही.

खाली उतरून भुईंज-पाचवड करत साताऱ्याकडं निघालं की महामार्गाशी गाठ पडते. तिथं सायकल चालवणं म्हणजे ट्रकच्या वाऱ्यानं ढकलून घेणं. लवकरात लवकर लिंबाच्या फाट्याला आत शिरावं. शेरी लिंबची बारा मोटेची विहीर साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या काळातली, १७१९ ते १७२४ या वर्षांत वीरूबाईंनी बांधून घेतलेली. वरून पाहिलं तर शिवलिंगाच्या आकाराची. पायऱ्या उतरून गेलं की कमानीमागं कमान, दगडात कोरलेले वाघ-हत्ती, आणि विहिरीच्या पोटातच एक छोटा महाल, हवेशीर आणि गार. वर बारा मोटा एकदम चालतील अशी सोय. पाणी आमराईला जायचं.

पण नदी अगदी जवळ असताना एवढी विहीर कशाला? हा प्रश्न मला सायकलमुळं पडला, कारण विहिरीकडून गोवे गावच्या कोटेश्वराकडं, म्हणजे नदीकडं जाताना ब्रेक दाबत उतरावं लागतं आणि येताना तोच उतार चढ होऊन छातीवर बसतो. दख्खनच्या नद्या अशाच, काळ्या मातीत खोल रुतून वाहणाऱ्या. उन्हाळ्यात पाणी रानाच्या पातळीपासून कितीतरी खाली. इंजिनं आणि विजेचे पंप येईपर्यंत कृष्णेचं पाणी कृष्णेच्याच काठच्या शेतकऱ्याला वर घेता येत नव्हतं. त्याची भिस्त विहिरीवर, मोटेवर आणि पावसावर. इंग्रजी अमलात कराडजवळ खोडशीला बंधारा घालून कालवा काढला तेव्हा कुठं नदी थोडीफार शेतात आली. पुढं सहकारी पाणीपुरवठा संस्थांनी तिला पाइपातून टेकडीवर चढवली. आज सायकलवाल्याला नदी दिसू न देणारा जो ऊस आहे तो त्याच पाण्याचा. म्हणजे नदी लपलीय ती स्वतःच्याच पाण्यामागं.

संगम माहुलीला वेण्णा येऊन मिळते. साताऱ्यातून कोरेगावच्या रस्त्याला लागलं की पाच-सहा किलोमीटर. अलीकडं-पलीकडं देवळं, उंच दीपमाळा, मोठमोठे वृक्ष, आणि पात्रात राजघराण्याच्या समाध्या. शाहू महाराज १७४९ मध्ये गेले. त्यांची समाधी इथं, येसूबाईंची इथं, ताराबाईंची इथं. राज्यासाठी ज्यांनी एकमेकांविरुद्ध फौजा उभ्या केल्या ती चुलती आणि तो पुतण्या एकाच पाण्याशेजारी. आणि त्यांच्यातच शाहूंच्या खंड्या कुत्र्याची समाधी. वाघापासून धन्याला वाचवलं म्हणून त्याला हा मान. न्यायमूर्ती रामशास्त्री प्रभुणे याच माहुलीचे. ज्यांनी पेशव्याच्या तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगितलं त्या माणसाचं गाव, त्यामुळं मला वाटायचं इथं एखादा धीरगंभीर दगड तरी असेल. घाटावर पोरं क्रिकेट खेळत होती. चेंडू समाधीच्या चौथऱ्याला लागला की चौकार, ओलांडून पाण्यात गेला की बाद. या नियमावरून त्यांच्यात जो वाद चालला होता तो ऐकल्यावर रामशास्त्र्यांची परंपरा खंडित झाली असं म्हणवेना.

साताऱ्याहून कराडला दोन वाटा. नदीच्या पश्चिमेचा महामार्ग, किंवा पूर्वेची रहिमतपूर-मसूरची सडक. सायकलनं दुसरीच घ्यावी. इथं थोडं अवांतर. सायकलवाल्यांची एक नवी जात अलीकडं वाढली आहे. त्यांच्या मनगटावर यंत्र, हँडलवर यंत्र, छातीला पट्टा. ते टपरीवर भेटतात तेव्हा "किती झाले?" एवढंच विचारतात. किती म्हणजे किलोमीटर. त्यांची सायकल माझ्या सायकलच्या निम्म्या वजनाची आणि दसपट किमतीची असते, दमही माझ्या दुप्पट, त्याबद्दल आदर आहे. पण मसूरचा मारुती रस्त्यापासून चार पावलं आत आहे हे त्यांना माहीत नसतं, कारण थांबलं की सरासरी पडते. समर्थांच्या अकरा मारुतींपैकी कितीतरी याच पट्ट्यात आहेत: उंब्रज, मसूर, शहापूर, चाफळ, आणि खाली बोरगावजवळ बहे इथं तर नदीच्या मधोमध बेटावर. एकेका मारुतीपाशी पाणी पिऊन पुढं सरकायचं ठरवलं तर सरासरीचं काही खरं नाही.

कराडचा प्रीतिसंगम बघायचा तर उंचावरून. कोयना एका बाजूनं, कृष्णा समोरून, दोघी अगदी तोंडातोंडी येतात आणि काटकोनात वळून एकच नदी होऊन पूर्वेला जातात. संगम बहुधा तिरके असतात, लहान नदी मोठीच्या कुशीत शिरते. इथं कुणीच लहान नाही. काठच्या बागेत यशवंतराव चव्हाणांची समाधी. २५ नोव्हेंबर १९८४ ला ते गेले. त्यांनी आत्मचरित्राचे तीन खंड योजले होते: 'कृष्णाकाठ', 'सागरतीर' आणि 'यमुनाकाठ'. म्हणजे बालपण-तारुण्य, मुंबई आणि दिल्ली. पाणी बदललं तसं आयुष्य बदललं असा हिशेब. लिहून झाला तो पहिलाच खंड, १९४६ पर्यंतचा. सागर आणि यमुना राहूनच गेल्या.

कराडनंतर जमीन ताटासारखी सपाट. रस्त्यानं सांगली पाऊणशे किलोमीटर आणि एवढ्या अंतरात उतार वीसएक मीटरचा. पायडल सोडून सायकल आपोआप जाईल अशी आशा धरू नये. नदीलाही पुढं जायची घाई उरत नाही. ती नागमोडी फिरते, मागं वळते, पुन्हा पुढं येते. डोंगरात धो धो पडलेलं पाणी इथवर येतं आणि पसरतं, कारण पुढं ओढ नाही. या भागातल्या महापुराचं कारण तज्ज्ञ नकाशे लावून सांगतात, धरणांच्या विसर्गावर दोन राज्यांत पत्रापत्री होते, ते सगळं असेलच. पण मांड्यांना न जाणवणारा हा उतार त्या कारणांमधलं पहिलं.

सायकलवाल्यासाठी इथं एक वेगळंच तीर्थ आहे, किर्लोस्करवाडी. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाची सुरुवात १८८८ मध्ये बेळगावात सायकलच्या दुकानानं झाली. लक्ष्मणराव मुंबईत शिक्षक. तिथून सायकली पाठवायच्या आणि बेळगावात बंधू रामूअण्णांनी त्या विकायच्या, घेणाऱ्याला चालवायलाही शिकवायचं. पुढं लोखंडी नांगर आला. मग १९१० मध्ये औंध संस्थानच्या हद्दीत, कुंडल रोड स्टेशनाशेजारच्या माळावर, निवडुंगात कारखाना आणि वसाहत उभी राहिली. स्टेशनाचं नावही पुढं बदललं. त्याच रेल्वेवर मागं कराडजवळ ओगलेवाडी, प्रभाकर कंदिलाची. आपल्या आज्या-पणज्या ज्या उजेडात भाकऱ्या थापायच्या त्याची काच तिथली. एका संस्थानिकाच्या माळावर नांगर, दुसऱ्या वाडीत कंदील, आणि मुळाशी सायकलचं दुकान. इतिहासाची स्थळं म्हणताना आपण किल्ले आणि देवळं धरतो, कारखान्याचा भोंगा धरत नाही. धरायला हवा.

हंगामात या बाजूला आलात तर रस्ता साखर कारखान्यांच्या मालकीचा असतो. दोन दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, वर ऊस हातभर बाहेर आलेला, आणि चालकाच्या डोक्यावर लावलेल्या स्पीकरवर कान फाटेल असं गाणं. त्याच्या मागून सायकल नेऊ नये, बाजूनं तर नाहीच. त्यापेक्षा बैलगाडी बरी. ऊसतोड कामगारांच्या गाड्या पहाटे अंधारातच निघतात. गाडीच्या मागं टांगलेला जुना परावर्तक तेवढा चमकतो. एका गाडीच्या मागं मी बराच वेळ तिच्याच वेगानं जात राहिलो. उसावर आडवी झालेली एक मुलगी, नऊ-दहा वर्षांची, गोधडीतून तोंड काढून माझ्याकडं बघत होती. थोड्या वेळानं तिनं एक कांडं उपसून माझ्याकडं फेकलं. ते झेलताना हँडल गेलं आणि मी कडेच्या वाढ्यांत जाऊन पडलो. तिचं हसू गाडी वळेपर्यंत ऐकू येत होतं. बीडकडून येतात ही माणसं, सहा महिने कोपीत राहतात, पोरांची शाळा सुटते. कांडं गोड होतं.

औदुंबरला डोहाकाठी दत्ताचं देऊळ, पलीकडं भिलवडीच्या बाजूला भुवनेश्वरी. दर संक्रांतीला इथं साहित्य संमेलन भरतं. नावेतून इकडून तिकडं जाता येतं, सायकलसकट. नावाडी सायकल आडवी घालतो आणि तिचं भाडं माणसाएवढंच घेतो. वाद घालू नये. तिथून खाली ब्रह्मनाळला येरळा येऊन मिळते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापुरातून बाहेर पडताना इथं बोट उलटली आणि गावातली माणसं गेली. मी गेलो तेव्हा पात्रात गुडघाभर पाणी होतं आणि त्यात म्हशी बसल्या होत्या. त्या जागेवर काही विचारावंसं वाटलं नाही. गावकऱ्यांनीही आपण होऊन चहा विचारला, बाकी काही काढलं नाही.

सांगलीत आयर्विन पूल. १९२९ मध्ये तो वाहतुकीला खुला झाला, नाव तेव्हाच्या व्हाइसरॉयचं. व्हाइसरॉय गेले, साम्राज्य गेलं, पण पावसाळ्यात सांगलीत सकाळी उठल्यावर पहिला प्रश्न असतो, "आयर्विनला किती?" पुलावरच्या पट्टीवर चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका. २०१९ ला पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. पुलाच्या कठड्याला सायकल टेकवून खाली वाकून बघितलं तर कोरड्या दिवसांत तो आकडा डोक्यात बसत नाही. पाणी कुठल्या कुठं खाली. मग मान वर करून शहराकडं बघायचं आणि मनातल्या मनात घरं बुडवत जायचं. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये मराठी नाटक याच गावात उभं केलं, त्याबद्दल सांगलीकर तुम्हाला न विचारता सांगतील. ऐकून घ्यावं आणि हरिपूरची वाट धरावी.

हरिपूर म्हणजे वारणेचा संगम आणि 'शारदा'कार देवलांचं गाव. दोहों बाजूंनी चिंचा, मधून सायकलीला साजेसा रस्ता. पण हरिपूरचं खरं नवल जमिनीखाली होतं. हळदीची पेवं. वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड आणि खाली वीस-पंचवीस फूट खोल, घड्यासारखं फुगत गेलेलं पोट. पाला-चटया लावून आत हळद भरायची आणि तोंड बंद करून वर माती. वर्षानुवर्षं कीड लागत नसे. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, हवा खेळू द्यायची. नाहीतर उतरलेला माणूस वर येत नाही. देशभर जाणारी सांगलीची हळद या अंधारात झोपून असायची. २००५ च्या महापुरात पाणी पेवांत शिरलं आणि बहुतेक खचली. आता हळद शीतगृहात असते. शीतगृहाला विजेचं बिल येतं, पेवाला येत नव्हतं, एवढं एका म्हाताऱ्यानं मला हिशेबासकट समजावून सांगितलं.

कुरुंदवाडच्या अलीकडं मागचं चाक बसलं. पंक्चरचं दुकान जवळच होतं, पत्र्याचं, बाहेर टायरांची माळ. दुकानदार मामांनी चाक न काढता टायरची एक कड उचकटून ट्यूब बाहेर ओढली, हवा भरली आणि घमेल्यातल्या गढूळ पाण्यात कडेकडेनं फिरवली. बुडबुडे आले तिथं काडीनं खूण केली, पुसलं, कानशीनं घासलं, सोल्यूशन लावून फुंकर मारली. हे चालू असताना मी भिंतीकडं बघत होतो. निळ्या ऑइलपेंटनं दोन आडव्या रेघा ओढलेल्या. खालच्या रेघेवर २००५, वरच्या रेघेवर २०१९. वरची रेघ माझ्या डोक्याच्या वर. तिच्याही वर लोखंडी फळी ठोकलेली, आणि नव्या ट्यूबा, टायर, पंपाचे वायसर, सगळा विकायचा माल त्या फळीवर.

"हे काढायला शिडी लागत असेल," मी म्हणालो.

"लागतीया की. पर पाण्याला बी लागंल," मामा म्हणाले आणि ठिगळावर हातोडीचे दोन हलके ठोके दिले.

वाईच्या रास्त्यांनी जे दगडात केलं तेच मामांनी एका फळीवर केलं होतं. दहा रुपये कमी घ्या म्हणायची हिंमत झाली नाही.

नरसोबाच्या वाडीला कृष्णा-पंचगंगेचा संगम. पूर हे संकट असतं ही समजूत इथं थोडी डळमळते. पाणी चढत चढत देवळाशी येतं, गाभाऱ्यात शिरतं, पादुकांवरून वाहून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं. त्या दारात स्नान करायला लोक लांबून येतात. दक्षिणद्वार सोहळा. पाणी आणखी वाढलं की उत्सवमूर्ती वरच्या मठात हलवायची, पूजा तिथं चालू. ज्या नदीनं शेजारच्या वाड्यांवरची घरं पाडली तिचीच गावकरी वाट बघतात, एकाच आठवड्यात. यात विसंगती शोधणाऱ्यानं वाडीची बासुंदी घ्यावी आणि गप्प बसावं. कवठाची बर्फी मात्र सायकलवाल्यानं जपून न्यावी. उन्हात पिशवीत तिचा लगदा होतो.

तिथून खिद्रापूरपर्यंतचा रस्ता सैनिक टाकळीवरून. घराघरातून माणूस फौजेत आहे म्हणून गावाचं नाव असं. पुढं रान अधिकच सपाट, अधिकच काळं, आणि राजापूरचा बंधारा, महाराष्ट्रातला कृष्णेवरचा शेवटचा. खिद्रापूरचं कोपेश्वर शिलाहारांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं. भोवतीनं हत्तींचा थर, जणू देऊळ त्यांच्याच पाठीवर. पुढचा स्वर्गमंडप वरून उघडा, छताच्या जागी गोल आभाळ, आणि बरोबर खाली त्याच घेराची एकसंध गोल शिळा. दुपारी उन्हाचं वर्तुळ त्या शिळेकडं सरकत जातं. एका बाजूला यादवराजा सिंघणाचा १२१३ मधला देवनागरी शिलालेख. महापुरात इथंही पाणी येतं, खांबांमधून फिरतं आणि जातं. आठशे वर्षं ही ये-जा चालली आहे. इथं रस्त्याला आणखी पुढं जायचं कारण उरत नाही.

एवढ्या मोठ्या शिवमंदिरात नंदी नाही. देवळाबाहेर पारावर बसलेल्या आजोबांना विचारलं.

"नंदी यडूरला हाय, कर्नाटकात. हिकडंच तोंड करून बसलाय."

"सायकलनं जाता येईल?"

त्यांनी सायकल नीट न्याहाळली, मग मला.

"जावा की. पर त्यांच्याकडचा रस्ता लई गुळगुळीत. परत येताना सायकल आमच्या हद्दीत पाय टाकायची न्हाई."